दृष्टी आणि ओळख

डोळा हे पाहण्याचे साधन होय. परंतु पाहिलेले ओळखण्याचे कार्य मेंदूचे आहे. हे सामर्थ्य बालकास जन्मतः पूर्णपणे लाभलेले नसते. ते अनुभवाने घडत जाते.

इंग्लंडमधील सिडने ब्रॅडफोर्ड या गृहस्थांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. वयाच्या ५२ व्या वर्षी शस्त्रक्रियेने त्यांना ती परत मिळाली. रिचर्ड ग्रेगरी व जीन वॉलेस यांनी १९६३ मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अंधशाळेत बोटांनी चाचपून शिकलेली मोठी इंग्रजी अक्षरे ब्रॅडफोर्ड यांना पाहताच वाचता आली. संग्रहालयातील लेथयंत्राचा मात्र नुसते पाहून त्यांना बोध होईना. त्यावरून हात फिरविल्यावर ते त्यांना 'दिसू' लागले. माणसांच्या चेहऱ्यांवरील भाव त्यांना उमगत नसत.

याचे कारण काय? ह्यूबेल व वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा जन्मानंतर काही आठवडे मिटलेला ठेवला. पुढे तो उघडला, तरी मेंदूतील दृष्टिकेंद्राच्या बहुतेक पेशी त्या डोळ्यास प्रतिसाद देईनात. प्रौढ मांजरांवर असा परिणाम झाला नाही. यावरून दृष्टीच्या घडणीस बाल्यातील ठराविक काळ विशेष महत्त्वाचा असतो, हे सिद्ध झाले. या शास्त्रज्ञांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

चेहऱ्यांची ओळखही अशीच घडते. सहा महिन्यांचे मूल दोन माकडांच्या चेहऱ्यांतील भेद जाणते. नऊ महिन्यांचे मूल तो सहसा जाणत नाही, असे २००२ मध्ये आढळले. जे चेहरे नित्य दिसतात, त्यांच्याच ओळखीत मेंदू निष्णात होतो.

तथापि उशीर झाला म्हणून सर्व संपले, असे नव्हे. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात भारतातील जन्मांध बालकांवर उशिरा शस्त्रक्रिया झाल्या. स्थिर चित्रातील वस्तू वेगळी ओळखणे त्यांना प्रथम कठीण गेले. परंतु तीच वस्तू हलू लागताच ती ओळखणे सुलभ झाले.

शिक्षकांनी यातून बोध घ्यावा. बाहुलीत पांढरेपणा, तिरळेपणा, पुस्तक डोळ्यांशी धरणे ही लक्षणे दिसताच पालकांना समजावून मुलास नेत्रवैद्याकडे पाठवावे. फळ्यावरील अक्षर न ओळखणाऱ्या मुलास 'मठ्ठ' ठरविण्यापूर्वी त्यास ते दिसते की नाही, हे पाहावे. नवी वस्तू मुलांच्या हाती द्यावी, फिरवून दाखवावी. योग्य वेळी दाखविलेली दक्षता एखाद्या बालकाचे सारे आयुष्य उजळू शकते.