परवलीचा शब्द



पवित्र शास्त्रांतील 'शास्ते' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांतील एक प्रसंग तुमच्यापैकीं अनेकांनीं वाचला असेल. यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोकांनीं पहारा बसविला आणि पार जाऊं पाहणाऱ्या प्रत्येकास 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास लावला. एफ्राइमी माणसास 'श' म्हणतां येत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे आणि पकडला जाई. परवलीच्या शब्दाची ही फार जुनी कथा होय. आपल्या केदारखेड्याजवळून वाहणाऱ्या पूर्णेच्या कांठीं आज असा पहारा नाहीं. परंतु बँकेचें खातें, सात-बारा, आधारपत्र, गुणपत्रिका हीं सर्व आतां मोबाइलांत आणि संगणकांत असतात, आणि त्यांच्या दाराशीं आपणांस रोज परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, विचारला जातो. तो कसा असावा याचा थोडा विचार आपण करूं.

देशांतील पहिलें आधारपत्र 29 सप्टेंबर 2010 रोजीं आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं देण्यांत आलें. आज संगणकावर उतरवून घेतलेली आधाराची प्रत कुलूपबंद असते. तिचा परवलीचा शब्द म्हणजे आपल्या नांवाचीं पहिलीं चार मोठीं इंग्रजी अक्षरें आणि जन्माचें साल. कुलूप आहे, पण किल्लीचा सांचा सर्वांस ठाऊक आहे! शेजाऱ्यास आपलें नांव माहीत असतेंच. सालाबद्दल शंका असली तर त्यानें शंभर सालें घालून पाहिलीं तरी पेटी उघडते. म्हणून दुकानांत प्रत छापून घेतल्यावर ती तेथील संगणकांतून आपल्या डोळ्यांदेखत पुसवून घ्यावी, आणि चालेल तेथें पहिले आठ अंक झांकलेलीच प्रत द्यावी.

यावरून पहिला नियम निघतो: जें दुसऱ्यास ठाऊक आहे त्यापासून गुपित घडत नाहीं. आठ अंकी पासवर्ड दहा कोटी प्रकारचा होऊं शकतो. परंतु तेथें जन्मतारीख घातली तर शंभर वर्षांत दिवस भरतात सुमारे 36,525 इतकेच. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे 20,882 कोटींहून अधिक प्रकार होतात. ही संख्या मोठी वाटते, पण चोरलेली यादी हातीं असतां जलद यंत्रें दर सेकंदास शेंकडों कोटी प्रयत्न करूं शकतात. तेव्हां तेंही कांहीं क्षणांचेंच काम.

मग उपाय कोणता? अमेरिकेंतील आर्नल्ड राइनहोल्ड यांनीं 1995 सालीं एक सोपी रीत सांगितली. 7,776 साध्या शब्दांची क्रमवार यादी घ्यावी. पांच वेळां फासा टाकला कीं एक शब्द ठरतो. असे सहा शब्द निवडले तर होणाऱ्या प्रकारांची संख्या चोवीस अंकी आहे. सेकंदास एक हजार कोटी प्रयत्न करणाऱ्या यंत्रासही ते सर्व तपासावयास सुमारें सात लक्ष वर्षें लागतील! यांतील मर्म हें कीं शब्द फाशानें निवडावे, मनानें नव्हे. अभंगाची आवडती ओळ किंवा देवाचें नांव आपणांस जसें सुचतें तसें चोरासही सुचतें. शिवाय प्रत्येक ठिकाणचा शब्द वेगळा असावा. घर, गोठा आणि तिजोरी यांस एकच किल्ली कोण ठेवतो?

परंतु परवलीचा शब्द हा दारावरचा शिपाई आहे. चोरानें दार सोडून भिंतच फोडली तर? संगणकांतील डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली तर कोणी पासवर्ड विचारीत नाहीं. सारे कागद उघडे पडतात. येथें डिस्कवरील मजकूरच सांकेतिक करून ठेवावा लागतो. यास एन्क्रिप्शन म्हणतात. गुरांच्या बाजारांत दलाल रुमालाखालीं हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव ठरवितात. पण त्या खुणा जो शिकला त्याच्या हातास हात लागतांच भाव फुटतो. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनीं 1883 मध्यें तत्त्व मांडलें कीं पद्धत जगास कळली तरी किल्ली गुप्त असेपर्यंत मजकूर सुरक्षित राहिला पाहिजे. दोन बेल्जियन शास्त्रज्ञांनीं रचलेली जी पद्धत अमेरिकन सरकारनें 2001 सालीं प्रमाण मानली, ती कोणासही वाचावयास मिळते. तरी किल्लीवांचून तिचें कुलूप उघडत नाहीं. विंडोजमधील बिटलॉकर, लिनक्समधील लक्स हीं साधनें हेंच काम करतात. अलीकडच्या बहुतेक मोबाइलांत तें आरंभापासून चालू असतें. मात्र पडद्यास कुलूपच न लावल्यास त्याचा लाभ थोडाच.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. किल्ली हरवली तर धन्यासही मजकूर परत मिळत नाहीं. म्हणून पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर लिहून पेटींत ठेवावी आणि महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. दुसरें असें कीं फोनवर गोड बोलणाऱ्यास आपणच ओटीपी सांगितला तर कोणतेंही कुलूप कामास येत नाहीं. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसतां ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावें.

24 ऑगस्ट 2017 रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. परंतु हक्क जपण्याचें काम घरींच सुरू होतें. पूर्वी किल्ल्यांचा जुडगा आजीच्या कमरेस असे. आज आजोबांच्या मोबाइलांत पासवर्ड तुम्ही घालतां, आईचा अर्ज तुम्ही भरतां. तो जुडगा तुमच्या हातीं आला आहे. वडील मंडळींनीं ज्या विश्वासानें तो दिला, त्या विश्वासास तुम्ही पात्र ठरावें, आणि पालकांनींही मुलांजवळ बसून या गोष्टी समजून घ्याव्या, हीच आमची इच्छा.