पान मांडायला शिकू या

विद्यार्थ्यांनो, शाळेचा वार्षिक अंक तुम्ही पाहिला असेल. शीर्षक कुठे, चित्र कुठे, मजकूर किती, हे कोणीतरी आधी ठरवलेले असते. या कामाला पानाची मांडणी म्हणतात. पूर्वी उर्दू मजकूर कातिब हाताने लिहीत. १९८५ साली अमेरिकेत ‘पेजमेकर’ हे मांडणीचे सॉफ्टवेअर निघाले. १९९४ साली ‘इनपेज’ आले आणि नस्तालीक अक्षरांची पाने साध्या संगणकावर जुळू लागली.

तळेगाव दाभाड्यातील आमच्या शाळेचा अंक प्रथम मीच संगणकावर मांडला. ‘स्क्रायबस’ हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर घेतले. सोबत मार्गदर्शिका होती; पण ती वाचायची काय गरज, असे मला वाटले.

आठवीतल्या एका मुलीने गावच्या काच कारखान्यावर लेख लिहिला होता. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून जमवलेल्या पैसा फंडातून तो १९०८ साली सुरू झाला. अंक छापून आला, तेव्हा तिच्या लेखाच्या शेवटच्या चार ओळी त्यात नव्हत्याच! मला फार वाईट वाटले. ती मात्र रागावली नाही. मधल्या सुट्टीत बसून तिने पन्नास प्रतींवर त्या ओळी हाताने लिहिल्या.

त्या रात्री मी मार्गदर्शिका उघडली. मजकूर चौकटीत मावला नाही, तर चौकटीच्या कोपऱ्यात फुलीची खूण दिसते. मग दुसरी चौकट काढून पहिलीला जोडायची; उरलेला मजकूर आपोआप तिच्यात उतरतो. ती खूण मी पाहिली होती, पण तिचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

चांगली मार्गदर्शिका एका वेळी एकच कृती सांगते. कृतीनंतर पडद्यावर काय दिसायला हवे, तेही सांगते. चुकल्यास मागे कसे यावे, हेही तिच्यात असते. मात्र ती नुसती वाचून भागत नाही. एक कृती वाचा, लगेच करून पाहा. जमली, तरच पुढे जा.

यंदाचा अंक १६ पानांचा आहे. ए-फोर कागद मधोमध दुमडला की ४ पाने होतात. म्हणून एका प्रतीला ४ कागद पुरतात. मराठीची ८ पाने डावीकडून उघडतात, उर्दूची ८ उजवीकडून. मध्यभागी दोन्ही भाषांची शेवटची पाने समोरासमोर येतात.

या अंकाची मांडणी तीच मुलगी करत आहे. ती आता नववीत आहे. मार्गदर्शिका तिच्याशेजारी उघडी असते आणि प्रत्येक चौकटीचा कोपरा ती आठवणीने पाहते.

शब्दार्थ
कातिब – सुंदर हस्ताक्षरात मजकूर लिहून देणारा
मार्गदर्शिका – काम कसे करावे हे सांगणारे पुस्तक
मावणे – जागेत बसणे

स्वाध्याय
१. लेखाच्या चार ओळी का छापल्या गेल्या नाहीत?
२. चांगली मार्गदर्शिका कोणत्या तीन गोष्टी सांगते?
३. २४ पानांच्या अंकाच्या एका प्रतीला किती कागद लागतील?