कॅमेऱ्यातील फोटो मोबाईलवर घेताना

डाळिंबावरील तेलकट डाग किंवा कपाशीवरील मावा यांचे जवळून घेतलेले फोटो कॅमेऱ्याने स्पष्ट येतात. सल्ल्यासाठी पाठविण्याकरिता ते प्रथम मोबाईलवर घ्यावे लागतात. कॅमेरा कंपनीचे ॲप त्यासाठी सुरुवातीलाच परवानग्या मागते. त्या वाचल्याशिवाय देऊ नयेत. त्याच मोबाईलमध्ये सातबारा, आधार, पासबुकाचेही फोटो असतात आणि ‘सर्व फोटो’ म्हटले की ॲपला तेही पाहता येतात. अँड्रॉइड १४ (२०२३) व आयओएस १४ (२०२०) पासून फक्त निवडलेले फोटो दाखविण्याची सोय आहे, ती वापरावी.

स्थानाची परवानगी पाहून बरेच शेतकरी बिचकतात. अँड्रॉइड ११ व त्याआधीच्या मोबाईलवर जवळचा कॅमेरा ब्लूटूथने शोधण्यासाठीसुद्धा ती लागते. तेव्हा ‘ॲप वापरताना’ एवढीच द्यावी. फोटोत स्थान नोंदविण्याची सोय मात्र बंद ठेवावी. नाहीतर शेताचे अक्षांश-रेखांश फोटोबरोबर जातात. ई-पीक पाहणीची गोष्ट वेगळी. तो फोटो त्या ॲपमधूनच, शेतात उभे राहून काढायचा असतो, तेथे स्थान द्यावेच लागते.

आमच्या मते कार्ड रीडर सर्वांत बरा. कार्ड थेट मोबाईलला जोडावे, हवे तेवढेच फोटो उतरवावेत. कॅमेऱ्याचे ॲप लागतच नाही.