रिपोर्टातला 'एल फोर-एल फाइव्ह' नेमका कुठे?

कंबर दुखते म्हणून एमआरआय काढला, त्यात 'एल फोर-एल फाइव्ह डिस्क बल्ज' लिहून आलं आणि घरादाराची झोप उडाली. अशा तक्रारी नेहमीच्याच. गोळ्यांचं नंतर पाहू, आधी ही जागा स्वतःच्या अंगावर शोधा.

मान पुढे झुकवा. मानेच्या बुडाशी ठळक टेंगूळ हाताला लागतं, तो बहुधा मानेचा सातवा म्हणजे शेवटचा मणका. (जिराफाच्या मानेतही सातच, फक्त लांबलचक!) त्याखाली पाठीचे १२. ते बरगड्यांनी जखडलेले, म्हणून तिथली चकती (डिस्क) क्वचितच सरकते. आता दोन्ही हात कमरेच्या हाडावर टेकवा. अंगठे मागे जिथे जवळ येतात, तिथे साधारण चौथा 'एल', कमरेच्या पाच मणक्यांपैकी. पाचव्याच्या खाली पाच मणके जुळून झालेलं त्रिकोणी हाड आणि शेवटी माकडहाड. ती दोन्ही वाकत नाहीत.

म्हणजे धडाचा भार पेलायचा आणि वाकायचंही, ही दुहेरी नोकरी कमरेच्या खालच्या मणक्यांची. झीज तिथेच आधी दिसणार. दोन मणक्यांमधल्या चकतीला बाहेर चिवट कडं आणि आत मऊ गर असतो. वयाबरोबर त्यातलं पाणी कमी होतं आणि ती बसते, फुगते. लोक म्हणतात 'मणक्यात गॅप आलाय'. खरं तर अंतर कमी झालेलं असतं. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही फुगलेली चकती सर्रास सापडते. म्हणून मी फिल्म नंतर पाहतो, आधी विचारतो: कळ पायात उतरते का? कुठपर्यंत?

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, खाली नसांचा झुपका असतो. त्यामुळे इथल्या चकतीचा दाब पडलाच, तर तो बहुतेक वेळा एखाद्या नसेवर पडतो. बहुतेकांची ही कळ काही आठवड्यांत ओसरते. दिवस-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणात पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला. मणका 'बसवून देणाऱ्या'कडे तर मुळीच जाऊ नका.

लघवी अडकली किंवा नकळत झाली, बैठकीची जागा बधिर पडली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठा. पाठदुखीसोबत ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर मणक्याच्या टीबीची तपासणी करून घ्या. आपल्याकडे तो आजही आढळतो.