ताटातली साखर

मंडळी, हा धडा जेवणाचा आहे. जेवण तर आपण रोज जेवतो. मग त्यात शिकायचे काय? तेच आज पाहू.

पूर्वी लोक म्हणत, मधुमेह हा सावकाराचा रोग. गादीवर बसून खाणाऱ्याचा रोग. आता तसे राहिले नाही. देशभर एक मोठी पाहणी झाली. तिचा आकडा २०२३ साली छापला गेला. भारतात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे. त्यांत शहरातले लोक आहेत, तसे खेड्यातलेही आहेत. आपल्या परभणी जिल्ह्यातही गंगाखेड घ्या, जिंतूर घ्या, पालम घ्या. "मला शुगर हाय" असे सांगणारा माणूस आता गावोगाव भेटतो.

या रोगात औषध डॉक्टर देतो. पण अर्धे औषध आपल्याच चुलीवर शिजते. ते कसे, हे आम्ही एका गोष्टीवरून सांगतो.

तात्यांची गोष्ट

समजा, एक शेतकरी आहे. त्याला आपण तात्या म्हणू. वय ५२. अंगाने सडपातळ. रानात कापूस, तूर, रब्बीला ज्वारी.

तात्यांना सारखी तहान लागू लागली. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागे. थोडे काम केले की दम लागे. पायाला काटा लागला, ती जखम महिना झाला तरी भरेना. आशाताईंनी त्यांना आरोग्य उपकेंद्रात नेले. बोटातून थेंबभर रक्त घेतले. पुढे डॉक्टरांनी पुन्हा तपासले. रिकाम्या पोटी साखर १८० निघाली. ती १०० च्या आत असावी लागते. दोन तपासण्यांत १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर मधुमेह समजतात.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पथ्य सांगितले. दोन महिन्यांनी आशाताई घरी आल्या.

काकू म्हणाल्या, "ताई, ह्यांचा चहा बिनसाखरेचा केला. लाडू नाही, जिलबी नाही. गोळी रोज देते. तरी साखर उतरंना. कामून?"

"काकू, तात्या जेवतात काय, ते सांगा बरं."

"सकाळी सुशीला. दुपारी दोन भाकरी, वर भात. रातच्याला बी तसंच. गव्हाची पोळी बंद केली. ज्वारीची भाकरी कितीबी खाल्ली तरी चालती म्हणं."

आशाताई म्हणाल्या, "काकू, इथंच तर चुकतंय."

पाटाचे पाणी

काय चुकते, ते समजून घेऊ. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आपल्या जिल्ह्यात येते. ज्यांनी दारे धरली आहेत, त्यांना हे लगेच पटेल.

भाकरी, पोळी, भात यांत पीठ असते. त्याला पुस्तकात पिष्ट म्हणतात. पोटात गेल्यावर पिष्टाची साखर होते. ही साखर रक्तात उतरते. रक्त म्हणजे पाट, आणि साखर म्हणजे पाटाचे पाणी. शरीराचे स्नायू म्हणजे वाफे. पाटातले पाणी वाफ्यात शिरले, तर पीक तरारते. पण त्यासाठी दार उघडणारा गडी लागतो. शरीरात हे काम इन्शुलिन नावाचा रस करतो. तो पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो. १९२१ साली कॅनडा देशात बँटिंग आणि बेस्ट यांनी तो शोधून काढला.

मोठ्या माणसांना बहुधा जो मधुमेह होतो, त्यात दारे गंजतात. गडी जोर लावतो, पण दार नीट उघडत नाही. पुढे पुढे गडीही थकतो. मग पाट तुडुंब, आणि वाफे कोरडे! म्हणून रक्तात साखर भरपूर असूनही माणसाला थकवा येतो. तुंबलेले पाणी पाटाचे काठ पोखरते. तशी वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या शिरा पोखरते.

आता सांगा, पाट फुटू लागला तर शहाणा शेतकरी काय करील? आधी वरून येणारे पाणी कमी करील. मग दारे सैल करील. गड्याला मदत देईल. इथेही तसेच. ताटातले पिष्ट कमी करणे, म्हणजे पाणी कमी करणे. रोज चालणे आणि पोटाचा घेर उतरवणे, म्हणजे दारे सैल करणे. गोळी म्हणजे गड्याला मदत.

"पण तात्या तर सडपातळ. त्यांना हा रोग कसा?" असे कुणी विचारील. याचे उत्तर पुण्याकडून मिळाले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधली बाळे ३.५ किलोची. आपली बाळे दिसायला बारीक, अंगात मांस कमी. पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे वरून बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी लपलेली असते. म्हणून सडपातळ माणसाने निर्धास्त राहू नये.

ज्वारी चांगली, पण मोजून

ज्वारी आपले सोने आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने "परभणी मोती" हे वाण काढले. "परभणी शक्ती" या वाणात लोह आणि जस्त जास्त आहे. ज्वारीत चोथा असतो. म्हणून भाकरी भातापेक्षा सावकाश पचते. हे सगळे खरे. पण १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम पिष्टच असते. गव्हातही जवळपास तेवढेच.

चला, हिशेब करू. एका मोठ्या भाकरीला १०० ग्रॅम पीठ धरा. दोन भाकरींचे पिष्ट झाले १४० ग्रॅम. एक चमचा साखर म्हणजे ५ ग्रॅम. तर १४० ग्रॅम म्हणजे २८ चमचे! वर भात वेगळाच. काकूंनी चहातली साखर बंद केली, ते योग्यच केले. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे धरले, तर महिन्याला १ किलो ८०० ग्रॅम साखर वाचली. पण ताटातली साखर तशीच राहिली. ती गोड लागत नाही, म्हणून ओळखू येत नाही.

२०२२ साली १८,०९० भारतीय माणसांच्या खाण्याचा हिशेब छापला गेला. ही पाहणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झाली होती. आपल्याकडे अन्नातून १०० भाग ताकद मिळाली, तर त्यांतले ६० हून जास्त भाग पिष्टाचे असतात. मधुमेह झालेल्याने ते ५० च्या आसपास आणावेत, आणि डाळी-कडधान्ये वाढवावीत, असा त्या हिशेबाचा सांगावा आहे. म्हणजे भाकरी सोडायची नाही. भाकरी कमी करायची.

ताटाची वाटणी

तात्या म्हणाले, "ताई, भाकरी कमी केली तर पोट कशानं भरावं? रानात काम कसं व्हावं?"

प्रश्न रास्त आहे. नुसती भाकरी काढून घेतली आणि जागा रिकामी ठेवली, तर माणूस चार दिवसांत पथ्य मोडतो. म्हणून ताटाचे चार भाग करा.

दोन भाग भाजी. मेथी, अंबाडी, शेपू, चुका, दोडका, गवार, वांगी, जे हंगामात मिळेल ते. कांदा, काकडी, मुळा कच्चा.

एक भाग डाळ, उसळ किंवा पिठले. घट्ट वरण, मटकीची उसळ. चालत असेल त्याने अंडे, मासा. डाळीतही पिष्ट असते, पण अंग भरणारी प्रथिने भरपूर असतात. पोट बराच वेळ भरलेले राहते.

उरलेला एक भाग भाकरी. एका वेळी एक, तीही मध्यम. भात असेल तर भाकरी आणखी कमी.

आधी भाजी आणि वरण खा, मागून भाकरी. सकाळी सुशीला नको. मुरमुरे म्हणजे तांदूळच. त्याऐवजी मुगाचे धिरडे करा. मधल्या भुकेला मूठभर शेंगदाणे आणि ताक. गूळ, उसाचा रस, बाटलीतले गोड पाणी टाळा. गूळ नैसर्गिक असला तरी साखरच. एकादशीचा साबुदाणा आणि भगर हेही पिष्टच. गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर उपासाआधी डॉक्टरांना विचारा.

भाजी-डाळीला पैसा लागतो, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून तूर, मूग, हरभरा बाजारात नेण्याआधी घरापुरता बाजूला काढा. परसात शेवगा लावा, दोन वाफे मेथी टाका.

आणि एक गोष्ट. घरात बाई शेवटी जेवते. भाजी संपलेली असते. तिच्या ताटात भाकरी आणि ठेचा एवढेच उरते. मधुमेह बाईलाही होतो. म्हणून ताट एकट्या तात्यांचे नको, काकूंचेही बदला.

उतावीळ नको

तात्यांनी एकदा काय केले? साखर झटकन उतरावी म्हणून भाकरी पार बंद केली. गोळी मात्र तेवढीच घेतली. कापूस वेचताना दरदरून घाम सुटला. हात थरथरू लागले. डोळ्यांपुढे अंधारी आली.

काकूंना आशाताईंनी हे आधीच सांगून ठेवले होते. त्यांनी लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली. पाव तासात तात्या सावरले. मग थोडी भाकरी-भाजी खाल्ली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी गोळी कमी करून दिली.

पाणी कमी केले, पण ते डॉक्टरांना सांगितले नाही, तर पाट कोरडा पडतो. साखर फार उतरणे हेही धोक्याचे. म्हणून हे नियम ध्यानात ठेवा.

१. जेवण बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. इन्शुलिन घेणाऱ्याने तर आवर्जून सांगा.
२. गोळी किंवा इन्शुलिन मनाने बंद करू नका.
३. लहान मुले, गरोदर बाया आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले यांचे पथ्य वेगळे असते. ते डॉक्टरच ठरवतील.
४. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर खा. रानात जाताना खिशात पुडी ठेवा.
५. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन करा.
६. अनवाणी फिरू नका. रोज रात्री पायांचे तळवे पाहा.

तात्यांनी मग सबुरीने घेतले. संध्याकाळी अर्धा तास चालू लागले. तीन महिन्यांनी रिकाम्या पोटी साखर ११८ आली. जखम भरली. रात्रीची झोप परत आली. रोग मुळासकट गेला असे नव्हे. ताट पुन्हा पहिल्यासारखे झाले, तर साखरही पहिल्यासारखी होईल. दारे रोज धरावी लागतात, तसेच हे आहे.

तुमचे वय ३० च्या पुढे असेल, तर उपकेंद्रात जाऊन एकदा तपासणी करून घ्या. तिथे त्याचे पैसे पडत नाहीत.

शब्दांचे अर्थ

पिष्ट – धान्यातला पिठूळ भाग, ज्याची पोटात साखर होते.
प्रथिने – डाळ, दूध, अंडी यांतला अंग भरणारा भाग.
स्वादुपिंड – पोटातला, इन्शुलिन तयार करणारा अवयव.

उत्तरे सांगा

१. चहातली साखर बंद करूनही तात्यांची साखर का उतरली नाही?
२. पाट, वाफा आणि गडी म्हणजे शरीरातले काय?
३. तुमच्या घरी कालच्या जेवणात किती भाकरी आणि किती भाजी होती? पाटीवर लिहा. घरातल्या बाईच्या ताटातले वेगळे लिहा.