पोटभर जेव, रोज चाल

सातारा

चि. सोनूस,


काल ताईशी बोलणं झालं. तू साखर सोडलीस, दूध सोडलंस, अंडी घरात येऊ देत नाहीस आणि वजन चांगलंच उतरलंय म्हणाली. ऐकून राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसले.

आजार हाडांपर्यंत गेल्याचं कळलं की काहीतरी सोडावंसं वाटतं. आपल्याकडे संकट आलं की उपास धरतातच. पण कॅन्सरच्या वॉर्डात नोकरी केलेली तुझी मावशी तुला स्पष्ट सांगते, असं एकेक सोडत अंगातलं त्राण घालवून बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. जेवणाने तुझा कॅन्सर बरा होणार नाही आणि चहातल्या चमचाभर साखरेने तो बळावणारही नाही. तू साखर तोंडात घातली नाहीस तरी शरीर ती तयार करतंच, वेळ पडली तर स्नायू झिजवून. तुला जेवायचंय ते औषध सोसण्यासाठी, स्वतःच्या पायांनी हिंडण्याफिरण्यासाठी.

तुझ्या जेवणात आत्ता सगळ्यात कमी काय असेल तर प्रथिनं. कॅन्सरच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. तुझं वजन 50 किलो धरलं तर 50 ते 75 ग्रॅम झाली. एका अंड्यात 6 ग्रॅम असतात. मऊ भात आणि वरणाचं पाणी यांवर हा हिशेब कधीच जमणार नाही. घट्ट वरण, पिठलं, मुगाचं धिरडं, पनीर, दही, शेंगदाण्याची चटणी, चालत असतील तर मासे, असं दर खाण्यात काहीतरी हवं. ताट बघूनच नको वाटत असेल तर दोनदा भरपेट जेवण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. सोयाबीनची भाजीही खुशाल खा, तिला घाबरायचं कारण नाही.

तुझ्या पॅल्बोसिक्लिबच्या गोळ्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून कच्ची मोडाची मटकी, बाहेरची चटणी, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं नकोत. उसळ शिजवून खा, अंडंही पूर्ण शिजलेलं. ग्रेपफ्रूट पूर्ण वर्ज्य, कारण त्याने या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आपलं पपनस त्याच जातकुळीतलं, तेही नकोच.

आता व्यायाम. घरातले सगळे तुला पलंगावरून उठू देत नाहीत, हे मला मुळीच पटत नाही. युरोपातल्या काही देशांत आणि ऑस्ट्रेलियात तुझ्यासारखाच पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या 357 रुग्णांवर अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना नऊ महिने, आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली व्यायाम दिला. त्यांचा थकवा कमी झाला आणि रोजचं जगणं सुधारलं. हा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. पडून राहून हा थकवा जात नाही गं, उलट स्नायू आणखी ढिले पडतात. तुझ्या लेट्रोझोलच्या गोळीने सांधे आखडतात, त्यांनाही चालणं मानवतं.

पण तुझ्या मणक्यात आजार आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचार, कोणते मणके आणि कितपत कमजोर. मग कॅन्सरचे रुग्ण हाताळणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घे. तुझे लाडके सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन आणि कंबरेतून पिळे देणारी आसनं आता बंद. पाण्याची भरलेली बादली उचलायची नाही. पलंगावरून उठताना सरळ उसळून उठू नकोस. आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड आणि हाताने रेटा देऊन बस. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून ढकलणं आणि सपाट रस्त्यावर चालणं, इतक्यानेच सुरुवात कर. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरेत. चालताना बोलता यावं, इतकाच वेग ठेव. ताप असेल त्या दिवशी व्यायाम नाही, आधी डॉक्टरांना फोन. पाठीत नवी कळ आली, पायांत बधिरपणा वा अशक्तपणा वाटला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. मणक्यातल्या नसा दबल्या असतील तर तासातासाने नुकसान होतं.

हाडांसाठी इंजेक्शन घेतेस, तेव्हा दात काढायचा झाला तर आधी तुझ्या डॉक्टरांना सांग, जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व त्यांनी लिहून दिलं असेल तेवढं चुकवू नकोस. नाचणीची आंबील आणि ताक घेतेस का? घेत जा.

राहिला गुळवेलीचा काढा. तुझ्या सासूबाई मायेनेच देतात, त्यांचं मन दुखवू नकोस. पण गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत आणि तुझ्या गोळ्यांचा निचराही यकृतातूनच होतो. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव, हवं तर मी त्यांच्याशी बोलते. हळदीच्या कॅप्सूलचंही तेच, भाजीतली हळद पुरे. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा घरात चालू असलेल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेव. काढा मात्र आजपासूनच थांबव.

तुझी,
मावशी