गाभडलेले जनावर आणि घरातील ताप

आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा. ज्या वर्षी ज्वारी हाती लागत नाही, त्या वर्षी दारची म्हैस किंवा शेळीच घर चालविते. म्हणून ती विण्यास आली की घरची माणसे रात्रभर तिच्यापाशी बसतात व वेळ पडल्यास उघड्या हातांनी पिलू ओढून काढितात. ही माया स्तुत्य होय. परंतु त्याच हातांनी एक रोगही घरात येऊ शकतो. तो ओळखणे हा आजच्या पाठाचा विषय आहे.

ह्या रोगास सांसर्गिक गर्भपात अथवा ब्रुसेलोसिस म्हणतात. गाय व म्हैस बहुधा पाचव्या महिन्यानंतर, आणि शेळी शेवटच्या दोन महिन्यांत गाभडते. पुष्कळदा जार अडकून राहतो. मेलेला गर्भ, जार व स्राव ह्यांत रोगजंतू असंख्य असतात. ते हातावरील जखमेतून, डोळ्यांतून, श्वासावाटे व कच्च्या दुधातून मनुष्याच्या शरीरात शिरतात. पुढे जनावर निरोगी दिसले, तरी त्याच्या दुधातून जंतू येत राहतात.

हे कसे कळले? माल्टा बेटावर इंग्रज शिपाई दीर्घ तापाने खितपत पडत. १८८७ साली डॉक्टर डेव्हिड ब्रूस ह्यांनी त्या तापाचे जंतू शोधिले. ते कोठून येतात हे मात्र १९०५ साली कळले. थेमिस्टोक्लीस झामित ह्यांना ते धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत सापडले. १९०६ साली शिपायांना शेळीचे दूध देणे बंद होताच ताप झपाट्याने ओसरला. ह्यास्तव धारोष्ण दूध अंगी लागते, ही समजूत आपण सोडावी.

मनुष्यास ताप चढउतार करीत येतो, रात्री घाम फुटतो, सांधे व कंबर दुखते, शक्ती जाते. हिवताप समजून उपचार होतात व महिने वाया जातात. म्हणून आपण जनावरे पाळतो, हे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे. रक्त तपासून रोग कळतो. औषध बहुधा सहा आठवडे घ्यावे लागते. मध्येच सोडल्यास ताप उलटतो.

आता आपले कर्तव्य. गर्भ व जार ह्यांस रबरी हातमोज्यांवाचून शिवू नये; गरोदर स्त्रीने तर जवळही जाऊ नये. ते कुत्र्यांपुढे न टाकिता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. दूध उकळूनच प्यावे. दही, ताकही उकळलेल्या दुधाचेच करावे. २०१९ पासून सरकारी योजनेत गाय व म्हैस ह्यांच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांस ह्या रोगाची लस देतात. ती आयुष्यात एकदाच टोचतात. ती संधी दवडू नये.

एक गोष्ट मनास विचारावी. गाभडलेली शेळी गुपचूप सांगोल्याच्या बाजारात विकण्याचा मोह गरिबास होतो. प्रत्येक गाभडणे ह्याच रोगाने होते असे नाही. म्हणून आधी पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावे. रोग ठरल्यावर ती विकणे म्हणजे आपला तोटा दुसऱ्याच्या गोठ्यात आणि त्याच्या लेकरांच्या पेल्यात लोटणे होय. घेणाराही आपल्यासारखाच गरीब असतो.

प्रश्न : (१) निरोगी दिसणाऱ्या जनावराचे दूध का उकळावे? (२) जार कोठे व कसा पुरावा? (३) ताप लांबल्यास डॉक्टरांस काय सांगावे?